तळघरातली हवा

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्याकडे जुन्या गावांत पेवं असायची. जमिनीत खोल खणलेली, आतून लिंपलेली, तोंडाशी अरुंद. सुगी झाली की ज्वारी त्यात भरायची, तोंड बंद करायचं आणि वर माती लोटायची. पुढे कधी पेव उघडलं, तर जाणती माणसं लगेच आत उतरत नसत. आधी तोंड उघडं ठेवून आतली कोंडलेली हवा निघून जाऊ देत. मग दोरीला दिवा बांधून आत सोडत. दिवा तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. ज्यांनी घाई केली, त्यांच्यातले काही पुन्हा वर आले नाहीत. कोंडलेली हवा डोळ्यांना दिसत नाही, पण दिवा विझवून ती आपली खूण देते, हे या माणसांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

आज मी ज्या वायूबद्दल बोलणार आहे, तो मात्र दिवा विझवत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो श्वासातून आत गेला तरी ठसका लागत नाही, डोकं दुखत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. एखाद्या कचेरीच्या तळघरात वीस वर्षं बसून काम करणाऱ्या माणसाची आणि त्याची रोज गाठ पडते, पण ओळख होत नाही. या वायूचं नाव रेडॉन.

कविता लिहिणाऱ्या माणसाला रेडॉनशी काय करायचंय, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. त्याचं कारण माझा भाचा. आमच्या कोकणातल्या मुस्लिम घरांमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली आणि त्यातली काही विलायतेतच राहिली. हा भाचा इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, प्लिमथ शहरात, एका दुकानाच्या तळघरातल्या गोदामाचा हिशेब बघतो. एकदा फोनवर तो म्हणाला, "मामू, आमच्याकडे मालाचं ऑडिट झालं, पैशांचं झालं, आता हवेचं चाललंय." मला वाटलं, पोरगा मस्करी करतोय. पण खरंच त्याच्या फळीवर एक काळी प्लास्टिकची डबी ठेवली होती. लाडवाएवढी. तिला वायर नाही, बॅटरी नाही, दिवा नाही. तीन महिने तिला कुणी हात लावायचा नाही, एवढीच सूचना. तीन महिन्यांनी ती डबी प्रयोगशाळेत गेली आणि आकडा आला. तो ठरलेल्या मर्यादेच्या बराच वर होता. मालकाने आधी थोडी कुरकुर केली, मग माणसं बोलावली. फरशीला भोक पाडलं गेलं, एक पाईप बसला, एक पंखा बसला. पुन्हा डबी ठेवली. या खेपेला आकडा मर्यादेच्या खूप खाली आला. भाच्याच्या लेखी विषय संपला. माझ्या डोक्यात तो तिथून सुरू झाला. मग मी मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

हा वायू येतो कुठून? तर आपल्या पायांखालून. जमिनीतल्या खडकात आणि मातीत युरेनियम थोड्या प्रमाणात सगळीकडेच असतं. ते अतिशय सावकाश, कोट्यवधी वर्षांच्या हिशेबाने, आपोआप मोडत जातं. मोडता मोडता त्याचं रेडियम होतं आणि रेडियम मोडलं की त्यातून रेडॉन निघतो. या साखळीतली आधीची मंडळी घनरूप आहेत. ती दगडात जिथल्या तिथे पडून राहतात. रेडॉन मात्र वायू आहे आणि स्वभावाने एकलकोंडा. तो कशाशी संयोग पावत नाही, कुठे अडकत नाही. मातीच्या फटींतून वाट काढत वर येतो. मोकळ्या मैदानात तो हवेत मिसळून इतका विरळ होतो, की त्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण वर इमारत असेल, तर तो तिच्या पोटात शिरतो आणि तिथे साठतो.

रेडॉनचं आयुष्य फार मोठं नाही. आज जितका असेल त्याचा निम्मा भाग पावणेचार दिवसांत, म्हणजे ३.८ दिवसांत, मोडून जातो. पण खरी गोम या मोडण्यातच आहे. आपण श्वासाबरोबर रेडॉन आत घेतो, त्यातला बहुतेक तसाच बाहेर पडतो. मात्र हवेत आधीच मोडलेल्या रेडॉनचे जे अंश असतात, पोलोनियमसारखे, ते वायू नसतात. ते अतिसूक्ष्म कण असतात. ते धुळीला चिकटतात आणि फुफ्फुसाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतात. तिथे ते पुढे मोडतात आणि मोडताना अल्फा कण बाहेर फेकतात. अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, अंगावरच्या कातडीनेही अडतात. पण फुफ्फुसाच्या आत ना कागद, ना कातडी. तिथे थेट जिवंत पेशीवरच मार बसतो. बहुतेक पेशी सावरतात किंवा मरून जातात. एखादी मात्र बिघडलेल्या अवस्थेत जगते आणि पुढे वाढत जाते. कर्करोगाची सुरुवात अशी होऊ शकते.

ही कहाणी नवी नाही. जर्मनी आणि आजचं चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर डोंगर आहेत. तिथे श्नेबर्ग आणि याखिमोव ही खाणींची गावं. याखिमोवमध्ये सोळाव्या शतकात अग्रिकोला नावाचा एक वैद्य होता. खाणकामावरचा त्याचा मोठा ग्रंथ १५५६ साली, तो वारल्यानंतर, प्रसिद्ध झाला. खाणकामगारांच्या फुफ्फुसांच्या रोगाबद्दल त्याने त्यात लिहिलंय. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींजवळ एकामागून एक सात नवरे केलेल्या बायका सापडतात, कारण त्यांचे नवरे हा रोग घेऊन जातो, असंही त्याने नोंदवलंय. त्याचा संशय खाणीतल्या धुळीवर होता आणि धूळ निर्दोष होती असं नाहीच. पण धुळीबरोबर आणखी काही त्या हवेत होतं, हे कळायला साडेतीनशे वर्षं जावी लागली. १८७९ साली हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या कामगारांचा हा रोग म्हणजे फुफ्फुसातली घातक गाठ आहे, हे दाखवलं. १८९८ साली क्युरी पतिपत्नींनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं, ते याच याखिमोवच्या खनिजातून. १९०० साली जर्मन शास्त्रज्ञ डोर्न याने रेडियममधून निघणारा वायू दाखवला. आणि १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकलं. सात नवऱ्यांच्या त्या बायकांपासून इथवर यायला चार शतकं लागली.

पण तोवर सगळ्यांचा समज असा, की हा खाणीतला प्रश्न आहे. खाणीबाहेरच्या माणसांचा त्याच्याशी संबंध नाही. हा समज मोडला तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, १९८४च्या डिसेंबरात. लिमरिक इथे अणुवीज केंद्र उभं राहत होतं. तिथला एक अभियंता दारातल्या किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रासमोर उभा राहिला, की यंत्र कोकलायचं. गंमत अशी की अणुभट्टी अजून सुरूच झाली नव्हती. मग तो केंद्रात येता येताच, काही काम करण्याआधी, यंत्रासमोर गेला. यंत्र तरीही वाजलं. म्हणजे किरणोत्सार तो कामावरून घरी नेत नव्हता, घरून कामावर आणत होता. त्याच्या घरातला रेडॉन मोजला, तो दर घनमीटरला एक लाख बेकरेलच्या आसपास निघाला.

बेकरेल म्हणजे काय, हे एकदा समजून घेऊ, म्हणजे पुढचे आकडे डोक्यावरून जाणार नाहीत. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी हवेची पेटी डोळ्यांपुढे आणा. त्या पेटीत दर सेकंदाला रेडॉनचा एक अणू मोडत असेल, तर तो झाला एक बेकरेल. उघड्यावरच्या हवेत हा आकडा साधारण पाच ते पंधरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलं, की घरात तो शंभरच्या आत ठेवावा आणि ते जमतच नसेल, तर निदान तीनशेच्या वर जाऊ देऊ नये. अमेरिकेत घर दुरुस्त करून घ्यायची मर्यादा याच मापात १४८च्या जवळ येते. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेची मर्यादा आहे वर्षाच्या सरासरीने तीनशे. आता त्या अभियंत्याच्या घरातले एक लाख आठवून पाहा. त्या घरावर उपाय केल्यावर कुटुंब पुन्हा तिथे राहायला गेलं, हेही सांगितलं पाहिजे.

या घटनेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तो माणूस सापडला, कारण त्याच्या कामाच्या दारात मोजणारं यंत्र होतं. तुमच्या-माझ्या बँकेच्या, दुकानाच्या, शाळेच्या दारात असं यंत्र नसतं.

धोका किती, हेही सरळ सांगतो. २००५ साली युरोपातल्या तेरा अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. ती घरांतल्या रेडॉनची होती. त्यात असं दिसलं, की दर शंभर बेकरेलमागे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सोळा टक्क्यांनी वाढतो. टक्क्यांची भाषा फसवी असते, म्हणून माणसांच्या भाषेत सांगतो. सिगारेट न ओढणारी एक हजार माणसं घ्या. रेडॉन जवळपास नसेल, तर पंचाहत्तर वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातल्या चार जणांना हा कर्करोग गाठतो. शंभर बेकरेलमध्ये राहिली तर पाच जणांना, चारशेमध्ये राहिली तर सात जणांना. आता सिगारेट ओढणारी हजार माणसं घ्या. रेडॉन नसतानाच त्यांच्यातले शंभर जण जातात. शंभर बेकरेलला एकशे वीस, चारशेला एकशे साठ. म्हणजे तंबाखूचा धूर आणि रेडॉन एकत्र आले, की ते एकमेकांचे हात बळकट करतात. ब्रिटनमध्ये रेडॉनमुळे दरवर्षी अकराशेच्या आसपास माणसं दगावतात आणि अमेरिकेत सुमारे एकवीस हजार, असे तिथल्या सरकारी आरोग्य आणि पर्यावरण खात्यांचे अंदाज आहेत. यातल्या कुणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर रेडॉनचं नाव नसतं.

आता मोठ्या इमारतींकडे वळू. घरात रेडॉन शिरतो आणि कचेरीत शिरतो, यात फरक आहे. इमारत जमिनीतला वायू नुसता येऊ देत नाही, तर अनेकदा तो ओढून घेते. थंड देशात आतली हवा गरम केलेली असते. गरम हवा वर जाते, वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. ती येते फरशीच्या तड्यांतून, पाण्याच्या आणि विजेच्या नळ्यांभोवतीच्या भोकांतून, भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून. कचेऱ्यांमध्ये यात यंत्रांची भर पडते. स्वयंपाकघराचा, स्वच्छतागृहाचा पंखा हवा बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत यायला वाट ठेवलेली नसेल, तर इमारतीच्या आत दाब कमी होतो आणि ती जमिनीतून हवा शोषायला लागते. पेल्यात बुडवलेल्या नळीसारखी.

१९७३च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत वीज आणि इंधन वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या. खिडक्या उघडेनाशा झाल्या, बाहेरून येणारी ताजी हवा कमी केली गेली. बिल कमी झालं, पण आत जे साठायचं ते साठत राहिलं. अमेरिकेत शाळांची पाहणी झाली, तेव्हा अंदाज निघाला, की दर पाच शाळांपैकी जवळपास एका शाळेत निदान एक खोली तरी मर्यादेच्या वर आहे. त्यातही एका खोलीचा आकडा शेजारच्या खोलीला लागू पडत नाही. म्हणून जमिनीला टेकलेली, रोज वापरातली प्रत्येक खोली वेगळी मोजावी लागते.

वेळेचाही खेळ असतो. कचेरी सुटली की वातानुकूलन बंद होतं, दारं बंद होतात. शनिवार-रविवारी आत रेडॉन साठत जातो. सोमवारी सकाळी कुलूप उघडणारा शिपाई, झाडलोट करणारी बाई आधी त्या हवेत शिरतात. साहेब येईपर्यंत यंत्र सुरू होऊन हवा थोडी पालटलेली असते. म्हणून नुसत्या सरासरीवर न थांबता, तासातासाचा आकडा नोंदवणारं यंत्रही काही ठिकाणी लावावं लागतं. हवा कधी बिघडते हे कळलं, की का बिघडते हेही कळतं.

उपाय काय? ऐकताना हसू येईल इतका साधा. मुख्य उपाय असा. फरशीच्या काँक्रीटला भोक पाडायचं. खालची एक-दोन बादल्या माती काढून छोटी पोकळी करायची. त्यात पाईप बसवायचा, तो छपराच्या वर न्यायचा आणि मधे एक पंखा लावायचा. तो पंखा रात्रंदिवस चालतो. त्यामुळे फरशीखालचा दाब इमारतीतल्या दाबापेक्षा कमी होतो. इमारतीने जमिनीची हवा ओढण्याऐवजी पाईपच ती ओढतो आणि वर मोकळ्यात सोडतो. तिथे ती विरून जाते. पंखा वीज खातो ती जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. चांगलं काम झालं, तर आतला रेडॉन दहाव्या हिश्शावर येऊ शकतो.

मोठ्या इमारतीत मात्र एक पाईप पुरेलच असं नाही. तिच्या पोटात पायाच्या भिंती असतात, त्या फरशीखालची जमीन वेगवेगळ्या खणांत विभागतात. एका खणातून ओढलं, तरी शेजारच्या खणाला पत्ता नसतो. म्हणून जाणकार माणूस आधी चाचणी घेतो. एका भोकातून हवा ओढून दूरच्या दुसऱ्या बारीक भोकाशी धुराची रेघ धरतो. धूर खाली खेचला गेला, तर तिथवर ओढ पोचली. नाही खेचला गेला, तर तिथे वेगळा पाईप हवा. श्रोतेहो, पेवात सोडलेल्या दिव्याचीच ही जात, नाही का?

दुसरा उपाय हवा खेळवण्याच्या यंत्रणेचा. बाहेर फेकली जाते त्याहून थोडी जास्त ताजी हवा आत घेतली, तर आतला दाब वाढतो आणि जमिनीतला वायू खालीच रोखला जातो. कित्येकदा नवीन काही बसवावंच लागत नाही. ताज्या हवेची झडप कुणीतरी वीज वाचवायला बंद केलेली असते, ती उघडली की काम होतं. पण हा उपाय माणसांच्या शिस्तीवर अवलंबून असतो. नवा व्यवस्थापक आला, त्याने झडप पुन्हा बंद केली, की मूळ पदावर. तिसरा उपाय म्हणजे तडे आणि भोकं बुजवणं. ते करावंच, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. सगळ्या फटी कधीच सापडत नाहीत आणि एक वाट बुजली की वायू दुसरी शोधतो. सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र इमारत बांधतानाचा. फरशीखाली खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचं अस्तर आणि पुढे लागला तर असावा म्हणून एक पाईप. ब्रिटनमध्ये जास्त रेडॉनच्या भागांत नव्या इमारतींना अशी तजवीज करावी लागते.

आणि उपाय केला की विषय मिटला, असंही नाही. पंखा बंद पडू शकतो. रेडॉनसारखाच बंद पडलेला पंखाही ओरडून सांगत नाही. म्हणून पाईपवर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची एक नळी लावतात, तिच्यात रंगीत द्रव असतो. पंखा ओढत असेल, तर नळीच्या दोन बाजूंना द्रवाची उंची वेगवेगळी दिसते. दोन्ही बाजू समान झाल्या, की समजावं, पंखा थांबला. पाईपचं तोंडही खिडकीपासून दूर हवं, नाहीतर या दाराने घालवलेला पाहुणा त्या दाराने परत येतो. इमारतीत तोडफोड झाली, नवी भिंत आली, की पुन्हा मोजावं लागतं.

इथपर्यंत झाली यंत्रांची गोष्ट. माझ्या मनात घर करून बसली ती यामागची विचार करण्याची रीत. ब्रिटनच्या कायद्यात कामाच्या जागेचा रेडॉन ही मालकाची जबाबदारी आहे. २०१८च्या जानेवारीपासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे मर्यादा तीनशे बेकरेल. त्याआधी ती चारशे होती. डेव्हन, कॉर्नवॉल यांसारख्या ग्रॅनाइटच्या भागांत कामाच्या जागा तपासाव्या लागतातच. पण तळघर असेल आणि तिथे माणूस आठवड्यातून तासाभराहून जास्त वेळ काम करत असेल, तर देशात कुठेही असो, ते तपासणं अपेक्षित आहे. भाग रेडॉनचा नाही, ही सबब तिथे चालत नाही.

हे मला योग्य वाटतं. घरात खिडकी उघडायची की नाही, हे आपण ठरवतो. कामाच्या जागेची हवा मात्र आपल्याला दिलेली असते. जशी खुर्ची दिली, टेबल दिलं, दिवा दिला, तशी हवाही दिली. खुर्ची मोडकी असेल तर आपण तक्रार करतो, कारण ती मोडकी दिसते. हवा मोडकी असली तर दिसत नाही. आणि तळघरात बसतं कोण? जुन्या फायली सांभाळणारा कारकून, गोदामातला हमाल, लॉकरच्या खोलीतला पहारेकरी, गाड्या लावून देणारा पोरगा, धुलाईखान्यातल्या बाया. इमारतीत ज्याचं वजन सगळ्यांत कमी, त्याची जागा सगळ्यांत खाली. त्याने मागितल्याशिवाय ती डबी त्याच्या फळीवर ठेवली जाते, यात मला एका समाजाचा शहाणपणा दिसतो.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आपल्याकडे काय? महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर, बसाल्टवर उभा आहे. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम कमी असतं. शिवाय आपली घरं, दुकानं वर्षानुवर्षं उघड्या खिडक्यांची. म्हणून घाबरून जायचं कारण नाही. स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा आहे म्हणून कुणी तो उखडायला जाऊ नये. इमारतीतला रेडॉन येतो तो प्रामुख्याने खालच्या जमिनीतून, ओट्यातून नव्हे. पण सगळा महाराष्ट्र बसाल्टचा नाही. पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गात याहून फार जुने, वेगळ्या जातीचे खडक आहेत. आणि शहरांतल्या इमारतीही आता बदलल्या आहेत. काचेच्या भिंती, न उघडणाऱ्या खिडक्या, जमिनीखाली दोन-तीन मजले. तिथे काय साठतं, हे अंदाजाने सांगता येणार नाही, मोजूनच सांगता येईल. मोजण्याची विद्या परदेशातून आणायची गरज नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी रेडॉन मोजण्याचं काम वर्षानुवर्षं केलंय आणि देशातल्या अनेक विद्यापीठांतही ते चालतं.

फारशीतला 'दम' हा शब्द मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. आपण दम खातो, दम धरतो, कुणाला दम देतो. मूळ अर्थ एकच, श्वास. माणसाच्या मालकीचं काही नसलं, तरी श्वास त्याचा असतो, असं आम्ही कवी लोक म्हणत आलो. रेडॉनबद्दल वाचल्यावर मला ते अपुरं वाटू लागलं. श्वास माझा खरा, पण त्यातली हवा मी ज्या छपराखाली बसतो त्याच्या मालकाच्या हातात असते. ती मोजून घेणं काही फार खर्चाचं काम नाही. एक डबी, तीन महिने, आणि आकडा जास्त आला तर एक पाईप आणि एक पंखा.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी इमारत बांधणारे असतील, कुणी बँकेचे व्यवस्थापक, कुणी शाळेच्या संस्थेवर असतील, कुणी कामगार संघटनेत. पुढच्या बैठकीत एक साधा प्रश्न विचारा. आपल्या तळघरात कोण बसतं, आणि तिथली हवा कधी मोजली आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर कुणावर रागावू नका. मोजायला सुरुवात करा.